सिस्टरनं धरलेला अंगठा

थंडीच्या दिवसांत आमच्या घरची सकाळ तुरीच्या शेंगांनी सुरू होते. मी ओट्याशी, आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे जानराव, अंगणातल्या उन्हात पोतं अंथरून शेंगा सोलत बसलेले. जन्मभर भाजीबाजारात गाळा चालवलेला माणूस. सोलताना दर मुठीतले दोनचार दाणे तोंडात जाणारच.

"मामाजी, आमटीपुरते तरी राहू द्या."

"चाखल्याशिवाय माल पास होत नसते, माधवी."

तेवढ्यात दारावर टकटक झाली.

जठारपेठेतल्या आमच्या गल्लीत टकटक करून कुणी येत नाही. लोक फाटकातूनच हाका मारतात. आणि समोरच्या तायडे सिस्टर तर हाक संपायच्या आत स्वयंपाकघरात पोचून कढईवरचं झाकण काढून बघत असतात. त्यामुळे दार उघडल्यावर त्याच दिसल्या तेव्हा मी चकित झाले. मग त्यांच्या मागे उभा असलेला पोरगा दिसला. सोबत परका माणूस होता म्हणून सिस्टर रीत पाळत होत्या.

"हा विपुल," त्या म्हणाल्या. "सत्तरीच्या वरच्या लोकाईले दवाखान्याचं सरकारी कार्ड भेटते ना, थे काढून देते. घरी येऊन! जानरावभाऊचं आधार काढ बरं."

पोरगा तिशीच्या आतला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात निळ्या फितीला ओळखपत्र, पाठीवर बॅग. आत येताच वाकून मामाजींच्या पायाला हात लावला. "रामराम बाबा." सिस्टरांच्या घरी शिरताना त्यानं "जयभीम माय" म्हटलं होतं, हे मला नंतर कळलं. ज्या घरी जाईल त्या घरचा नमस्कार त्याच्याजवळ तयार होता.

इथे सिस्टर कोण हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं अर्धं राहील.

पंचफुला तायडे. नोकरीची सगळी वर्षं धारणीकडच्या मेळघाटात नर्स म्हणून गेली. रस्ता संपेपर्यंत जीप, पुढे पायी. पावसाळ्यात नाला भरला की अलीकडेच मुक्काम. त्या काळी सुई दिसली की आया लेकरं उचलून रानात पळायच्या. एका गावात कुणी झोपडीचं दारच उघडेना, तेव्हा सिस्टरांनी चौकात बसून पाठीशी बांधलेला स्वतःचा अश्विन सोडला, मांडीवर घेतला आणि पहिली सुई त्याला टोचली. पोरगं कळवळून रडलं, मग दूध पिऊन झोपलं. ते झोपलेलं बघून पहिलं दार उघडलं. अश्विन आज पुण्यात नोकरीला आहे, आणि आई ही गोष्ट सांगायला लागली की, "मले इचारलं होतं का कोनी?" असं फोनवरून विचारतो.

घाबरलेल्या माणसाला सिस्टर एकच वाक्य सांगायच्या, "काही होत नाई. मी आहो ना." त्या वाक्यावर बायका बाळंतपणाला दवाखान्यात आल्या, म्हाताऱ्यांनी डोळ्यांची ऑपरेशनं करून घेतली. निवृत्त होऊन त्या अकोल्यात आल्या तरी वाक्य सोबत आलंच. आमच्या गल्लीत कुणाला ताप आला की डॉक्टरच्या आधी त्यांना बोलावणं जातं.

तर तेच वाक्य त्या सकाळी आमच्या घरात उभं होतं.

मामाजींनी मात्र शेंग सोलणं थांबवलं नाही. "कोठचा रे तू?"

"अमरावतीच्या ऑफिसचा, बाबा."

"अमरावतीत कोठी?"

"मेन रोडला."

"अमरावतीत कोन्ता रोड मेन नाई?" मामाजी म्हणाले. "अन फुकटचं कार्ड देऊन राह्यला तर इतका गोड काहून बोलून राह्यला? माझ्या गाळ्यावर जो जास्त गोड बोले, त्याची पिशवी मी दोनदा पाहो."

सिस्टर हसल्या. "भाऊ, सकाळपासून दोनदा च्या पेला त्यानं माझ्या घरी. चांगल्या घरचं लेकरू आहे. द्या अंगठा. मी आहो ना."

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मग हात धोतराला पुसला.

विपुलनं बॅगेतून काचेची एक छोटी डबी काढली आणि वायर मोबाइलला जोडली. मी चहाचा ट्रे घेऊन त्याच्या मागेच उभी होते. त्याच्या मोबाइलवर बँकांच्या नावांची यादी उघडलेली होती.

"बाबांची बँक कोणती, मॅडम?"

"कार्डाला बँक कशाला लागते?"

"इलाजाचे पैसे खात्यात येतात ना."

उत्तर तयार होतं. पण ती डबी मी ओळखली. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बेबीताई निराधार योजनेचे पैसे काढायला कोपऱ्यावरच्या दुकानात जातात. एकदा मी सोबत गेले होते. तिथेही अशीच काच, असाच अंगठा आणि अशीच बँकांची यादी. अंगठा लागला की खात्यातून पैसे निघतात. त्या दुकानात पैसे बेबीताईंच्या हातात पडतात. इथे कुणाच्या पडणार होते?

मामाजींनी अंगठा ठेवला. यंत्र नुसतंच लुकलुकलं. पुन्हा ठेवला. नाही. जन्मभर ओली पोती, खरबरीत वांगी आणि तराजूच्या साखळ्या हाताळून त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा कधीच्या पुसल्यात.

"थांबा, मी धरते," म्हणत सिस्टरांनी त्यांचं मनगट धरलं, पदरानं अंगठा पुसला आणि काचेवर दाबणार, तेवढ्यात मी ट्रे दोघांच्या मधे ठेवला.

"राहू द्या, सिस्टर. मामाजींचा अंगठा रेशनलाही लागत नाही. चहा घ्या, थंड होतो."

"काही हरकत नाही, मॅडम," विपुल म्हणाला. "रविवारी विहाराच्या सभागृहात शिबिर आहेच. मायनं सगळ्यांना निरोप दिलेत. दुसरं मशीन आणतो."

त्यानं चहा प्यायला, कपबशी स्वतः विसळून ठेवली आणि गेला. सिस्टर कौतुकानं म्हणाल्या, "पाह्यलं? आपले पोट्टे कप उचलत नाई."

मी शेजारी माणसाला तोंडावर खोटं म्हणणारी नाही, आणि सिस्टरांना तर नाहीच. दुपारी त्यांच्याकडे गेले, भाजी निवडायला बसले आणि हळूहळू सगळं सांगितलं. काच, बँकांची यादी, बेबीताईंचं दुकान.

सिस्टरांच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. "म्हंजे मी चोर घेऊन फिरून राह्यली, असं म्हन्तं तू?"

"तसं नाही."

"मंग कसं? अवो, शिबिरं काय मले नवे आहे? जंगलात शिबिरं घेतले म्या. आलेल्या माणसावर लोक असाच संशय घेत, अन मी त्याईले समजावत फिरो. आता तूच तसं बोलून राह्यली, शिकलेली असून?"

त्यांना लागलं होतं. माझ्या लक्षात आलं, हे काच आणि मोबाइलनं पटायचं नाही. मी एवढंच म्हटलं, "सिस्टर, तुम्हीच सांगता ना, शंका असली तर दवाखान्यात येऊन विचारा? उद्या आपण दोघी जाऊन विचारू. मी चुकले तर रविवारी पोहे माझ्याकडून, सगळ्या शिबिराला."

"कांदे बम टाकजो मंग," त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. योजनेच्या खिडकीत करिश्मा नावाची मुलगी बसली होती. सिस्टरांनी पिशवीतून एक कार्ड काढून तिच्यापुढे ठेवलं. चकचकीत, प्लास्टिक चढवलेलं, वर तिरंगी पट्टा. नाव होतं डोमाजींचं.

मला ठाऊक नव्हतं. विपुल आमच्याकडे येण्याआधीच सिस्टर त्याला जुन्या शहरात डोमाजींच्या घरी घेऊन गेल्या होत्या. डोमाजी म्हणजे धारणीच्या दवाखान्याची जीप चालवणारे ड्रायव्हर. वर्षानुवर्षं त्या दोघांनी एकाच जीपमध्ये भाकरी खाल्ल्या. नवं कार्ड बघून सिस्टरांना इतका आनंद झाला की गल्लीत दाखवायला म्हणून त्यांनी ते मागून आणलं होतं.

करिश्मानं कार्डावरचा नंबर टाकला. पुन्हा टाकला. मग कार्ड उलटंपालटं करून बघितलं.

"आजी, हे आमचं नाही. हा नंबरच नाही कंप्युटरात."

"नीट पाह्य, बेटा."

"पाहिलं, आजी. खरं कार्ड इथं फुकट निघते. वस्तीत फिरणाऱ्या आशाताईही काढून देतात, पण त्या तुमच्या ओळखीच्या असतात. अन कार्डासाठी बँक कोणती हे आम्ही कधीच विचारत नाही. बँक विचारली का ज्यानं हे दिलं त्यानं?"

सिस्टरांनी कार्ड परत पिशवीत टाकलं. बाहेर येऊन ऑटोत बसलो. ऑटो जुन्या शहराकडे वळून मोर्णा नदीच्या पुलावर आला तेव्हा त्यांनी स्वतःचा उजवा हात मांडीवर उताणा ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिल्या.

"डोमाजीचा हात थरथरते ना," त्या म्हणाल्या. "अंगठा काचीवर टिकत नव्हता. म्या धरला. म्याच दाबला, माधवी."

डोमाजी घराच्या ओट्यावर बसले होते. आम्हाला बघून उठायला लागले. सिस्टरांनी उभ्या उभ्याच विचारलं, "डोमाजी, खात्यातून पैसे गेले का तुमचे?"

डोमाजी सुनेला म्हणाले, "च्या ठेव वो, सिस्टर आल्या."

"च्या राहू द्या. गेले का?"

त्यांनी अंगणातल्या चपला काठीनं सरळ केल्या. मग म्हणाले, "गेले थोडेसे. कार्ड काढलं त्याच रातच्याले मेसेज आला. नातवानं वाचून दाखवला."

"अन मले सांगतलं नाई?"

"कसं सांगू, सिस्टर? तुमी धरला होता अंगठा. तुमाले वाईट वाटलं असतं." आणि मग अपराध्यासारखे म्हणाले, "लोकं म्हनतीन का सिस्टरनं फसवलं. मी म्हटलं, जाऊ द्या. माझेच गेले ना."

त्यांची सून दारात उभी राहून डोळे पुसत होती. घरात सगळ्यांना माहीत होतं. एका शब्दानं कुणी बोललं नव्हतं.

सिस्टर ओट्यावर बसल्या. मला वाटलं, रडतील. पण त्या रागावल्या, आणि बऱ्याच वेळानं मला माझ्या ओळखीच्या सिस्टर दिसल्या. "डोमाजी, तुमाले अक्कल आहे का जराशी? माझी लाज राखाले गेले, अन रविवारी मी अख्खं जठारपेठ त्या चोराच्या काचीवर बसवनार होती! उठा. स्वेटर घाला. बँकेत चाला."

"आता?"

"आता नाई तर काय, खातं रिकामं झाल्यावर?"

बँकेत आम्ही तिघं गेलो. तिथल्या साहेबांनी आधी अंगठ्यानं पैसे निघणं बंद केलं. मग १९३० या नंबरवर आमच्यासमोरच तक्रार लावून दिली आणि पोलीस ठाण्यातही जायला सांगितलं. काचेवर उमटलेल्या ठशावरून दुसऱ्यांदा पैसे निघायच्या बेतात होते, ते वाचले. आधी गेलेल्यांचा तपास चालू आहे. लवकर सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं साहेब म्हणाले, तेव्हा डोमाजींनी मान खाली घातली आणि सिस्टरांनीही.

उरला होता रविवार. विपुलचा फोन तोवर बंद झाला होता. मी म्हटलं, "शिबिर रद्द झालं असा निरोप पाठवू या. चूक झाली वगैरे कशाला सांगायचं?" खरं तर मला त्यांची काळजी होती. सगळी गल्ली ज्या एका शब्दावर विश्वास ठेवते तो शब्द असा चारचौघांत फुटलेला मला बघवला नसता.

"रद्द केलं तर लोकं म्हनतीन, कार्ड हुकलं," सिस्टर म्हणाल्या. "अन उद्या दुसरा विपुल आला, तर त्याले घरात घेतीन. येऊ दे सगळ्याईले."

सगळे आले. टोप्या, स्वेटर, मफलर, काठ्या, आधारकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशव्या. सिस्टर पुढे उभ्या राहिल्या.

"म्या तुमाले ज्या पोट्ट्यासाठी बलावलं," त्या म्हणाल्या, "थो चोर होता. मले तो समजला नाई. डोमाजीचा अंगठा म्या स्वतः त्याच्या काचीवर धरला अन त्याचे पैसे गेले."

मागून एक म्हातारी म्हणाली, "पन सिस्टर, तुमी तर शिकलेल्या!"

"तेच तर सांगून राह्यली ना माय. मी फसली, तर तू काहून नाई फसनार? अन फसली, तर लपवाचं काहून?"

यानंतर त्यांनी जे केलं, ते त्यांनी आयुष्यभर केलेलंच होतं. बोलून पटत नसेल तर करून दाखवायचं. त्यांनी माझी ओढणी गळ्यात फितीसारखी अडकवली, पिशवी पाठीवर टाकली आणि विपुल झाल्या. "रामराम बाबा," म्हणत मामाजींपुढे वाकल्या. "दोन मिनटं द्या, फुकटचं कार्ड..."

"नाई," मामाजी म्हणाले.

"अहो, ऐका तर..."

"नाई म्हटलं ना. पुढच्या गाळ्यावर जा."

सगळे हसले. सिस्टर म्हणाल्या, "भाऊ, तुमी बाजारातले. तुमाले नाई म्हनता येते. बाकीच्याईले नाई ना येत. या बेबीताई."

बेबीताई समोर आल्या. सिस्टरांनी "माय, दमून आलो वो" एवढंच म्हटलं, तर बेबीताईंनी "बस बाप्पा, पानी घे आधी" म्हणून तांब्या दिला, आणि सिस्टरांनी हात पुढे करताच अंगठाही दिला. सभागृह हसून कोसळलं. "हसा," सिस्टर म्हणाल्या, "आपन सगळे असेच आहो. दारात आलेल्याले रिकामं पाठवाचं नाई, हे आपल्या हाडात बसलं. थो चोर तेच पाहून येते. मंग काय करा? पानी द्या. च्या द्या. भाकर बी द्या. अंगठा देऊ नका, अन फोनवर आलेला आकडा सांगू नका. म्हना, उद्या ये, घरच्याईले इचारतो. खरा माणूस उद्या येते. चोराले उद्या नसते."

मग कोपऱ्यातून डोमाजी उठले. कुणी बोलावलं नव्हतं. काठी टेकत पुढे आले आणि सिस्टरांसमोर खुर्चीवर बसले. "मले पाहून घ्या एकदा."

सिस्टरांनी गळ्यातली ओढणी नीट केली. मग वाकून म्हणाल्या, "जयभीम बाबा. तुमच्या ओळखीच्या मायनं पाठवलं, तायडे सिस्टरनं. त्याईनं सांगतलं, अंगठा द्या म्हून."

हे त्यांनी मुद्दाम केलं. सगळ्यात अवघड तेच होतं.

डोमाजींचा हात थरथरत होता. त्यांनी तो सावकाश स्वेटरच्या खिशात घातला. "सिस्टर माझ्या भरवशाच्या आहेत," ते म्हणाले. "पन त्याईले बी इचारतो. उद्या ये."

टाळ्या वाजल्या. मी पोहे आणले होते, कांदे भरपूर घातलेले. पैज मी जिंकले होते, पण ती गोष्ट दोघींनीही काढली नाही.

आता दर मंगळवारी सिस्टर दोघातिघांना घेऊन करिश्माच्या खिडकीवर जातात. मामाजींचंही खरं कार्ड निघालं. अंगठा लागेना, शेवटी यंत्रात डोळ्याचा फोटो घेऊन काम झालं. "बाजारातबी मी डोळ्यानंच माल ओळखो," असं ते खिडकीतल्या सगळ्यांना सांगून आले. कुणी म्हातारं माणूस फोन घेऊन धावत आलं, की सिस्टर पूर्वीसारखं "मी आहो ना" म्हणतात, पण पुढे जोडतात, "सोबत चालाले. सांगाले बँकेतली, दवाखान्यातली मानसं आहेत." मागच्या महिन्यात एका आजीनं पैसे गेल्याचं त्याच दुपारी येऊन सांगितलं. रडत आली होती, पण आली होती. बँकेनं वेळेत अडवलं. डोमाजी स्वतः तिच्यासोबत बँकेत गेले, आपलं कसं झालं ते रांगेतल्या लोकांनाही सांगत.

हे सगळं लिहायचं ठरवलं तेव्हा मी सिस्टरांना म्हटलं, "नाव बदलते तुमचं. तायडे नाही, दुसरंच काही टाकते. उगाच कुणी बोट दाखवायला नको."

त्या आमच्याच ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. हातातली शेंग त्यांनी खाली ठेवली.

"एकच कर माधवी. नाव बदलू नको. तायडे सिस्टर फसली, असंच लिही. वाचून एखादी म्हातारी म्हनन, सिस्टर फसू शकते तर मी काहून लाजू. अन घरी सांगन. माझं एवढंच मागनं आहे."